न्यूयॉर्कच्या विमानाआधी दादरचा मुक्काम

विमानात कधीही न बसलेल्या माणसाने पहिलाच प्रवास सोळा तासांचा करावा का, या प्रश्नावर आमच्या घरी दीड वर्ष खल चालला होता. लेक न्यू जर्सीत राहते आणि तिला बाळ झाल्यावर जाणे टाळण्यासारखे राहिले नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि माझे यजमान शेती करतात. बाभुळगाव तालुक्यातील आमच्या गावातून आजवर अमेरिकेला कोणी गेलेले नव्हते, त्यामुळे विचारायचे कोणाला, हीच पहिली अडचण होती. पुढे कोणावर ही वेळ आली तर उपयोगी पडावे म्हणून जे घडले ते तारखा आणि खर्चासह लिहून ठेवते आहे. विमानाआधी मुंबईत केलेल्या मुक्कामाबद्दल जरा सविस्तर लिहीन, कारण घरात आणि गावात सर्वांत जास्त टीका त्याच मुक्कामावर झाली आणि मला सर्वांत जास्त आधारही त्याचाच झाला.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. आमच्या भागाचे पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आम्ही ऑनलाइन अर्ज भरला. छत्तीस पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये असते आणि साठी ओलांडलेल्यांना नव्या पासपोर्टवर १० टक्के सूट मिळते, म्हणून आम्हाला माणशी १,३५० रुपये लागले. अर्ज भरण्याआधी आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि शाळा सोडल्याचा दाखला समोरासमोर ठेवून नावाचे प्रत्येक अक्षर जुळवून घ्यावे. खेड्यातल्या बाईचे नाव एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे असतेच, आणि ते आधी एकसारखे करून घेतले नाही तर नागपूरची फेरी वाया जाते. पोलीस पडताळणी ठाण्यातून झाली, तिला काही आठवडे लागले आणि त्यानंतर पासपोर्ट टपालाने घरी आले.

व्हिसाला मात्र चांगलीच वाट पाहावी लागली. जुलै २०२३ मध्ये डीएस-१६० हा अर्ज लेकीने तिकडून भरून दिला आणि माणशी १८५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे साडेपंधरा हजार रुपये, शुल्क भरले. मुलाखतीची तारीख मिळाली ती जानेवारी २०२४ मधली. आदल्या दिवशी वेगळ्या केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो घेतात आणि दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखत होते. आत मोबाइल नेता येत नाही, तेव्हा सोबत कोणी असेल तर फोन त्याच्याकडे ठेवावा. मुलाखत मराठीत देता येते, हे ज्यांना इंग्रजीची धास्ती आहे त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. आम्ही सातबारा, आठ-अ, माझा पेन्शनचा आदेश, सगळे फाइलला लावून नेले होते, पण त्यातला एकही कागद पाहिला गेला नाही. तिकडे कोण राहते, किती दिवस राहणार आणि मागे शेती कोण पाहणार, एवढेच विचारले. यजमानांनी उत्तर दिले, "मृग लागायच्या आत परत यावंच लागते साहेब, पेरणी हाय." त्यावर अधिकारी हसले आणि व्हिसा मंजूर झाल्याचे सांगितले.

तिकीट काढताना दोन वाटा होत्या. नागपूरहून दोह्याला विमान जाते, तिथे विमान बदलून न्यूयॉर्कला जाता येते. दुसरी वाट म्हणजे मुंबईहून थेट न्यूयॉर्क. यजमानांचे गुडघे दुखतात आणि अनोळखी विमानतळावर धावपळ करणे आम्हाला जमले नसते, म्हणून थेट विमान निवडले. जाण्यायेण्याचे दोघांचे तिकीट अडीच लाखांच्या आसपास पडले, त्याशिवाय प्रवास विमा वेगळा. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब असे आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत की नाही, ते आधी वाचून घ्यावे. तारखेकडेही नीट पाहावे. आमच्या तिकिटावर १४ मार्च २०२४, रात्री दीडच्या सुमाराची वेळ होती. याचा अर्थ विमानतळावर १३ मार्चच्या रात्री दहापर्यंत पोहोचायचे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये १३ तारखेला लाल शाईने गोल केला आणि घरातल्या प्रत्येकाला तो दाखवून ठेवला.

आता भीतीबद्दल. विमान पडेल ही भीती मला फारशी नव्हती. एकदा दार बंद झाले की सोळा तास बाहेर पडता येणार नाही, या विचाराने माझ्या पोटात गोळा येत असे. एस.टी.त मळमळले तर कंडक्टरला सांगून गाडी थांबवता येते, रेल्वेत पुढच्या स्टेशनची वाट पाहता येते, इथे ती सोय नाही. तिकीट हातात आल्यावर रात्री दोन-अडीचला जाग येऊ लागली. यवतमाळच्या आमच्या डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगितले, तेव्हा त्यांनी औषधापेक्षा झोप आणि जेवण यांवर भर दिला. दमलेल्या, उपाशी आणि जागरण झालेल्या शरीरात भीती लवकर शिरते, तेव्हा विमानात बसण्याआधीचे दोन दिवस जपा, असे त्यांचे म्हणणे होते.

मुंबईच्या मुक्कामाचा विचार तिथूनच आला. दीर म्हणाले, "वयनी, रात्री गाडीत बसा, सकाळी मुंबई, रात्री विमान. लॉजवर पैसे काऊन घालता?" हिशेब त्यांचा चुकीचा नव्हता, पण रेल्वेतली एक रात्र अर्धी जागून काढायची, दिवस फलाटावर आणि विमानतळावर घालवायचा आणि दुसरी रात्र विमानात काढायची, हे साठीच्या माणसांना झेपणारे नाही. शिवाय गाडीला उशीर झाला तर मधला वेळच उरत नाही. म्हणून गाडी आणि विमान यांच्यामध्ये एक पूर्ण रात्र मुंबईत झोपायचे, आणि तो वेळ खोलीत बसून घड्याळ पाहण्यात न घालवता आवडीने चांगलेचुंगले खायचे, असे मी ठरवले. लेकीने याला लगेच होकार दिला आणि खाण्याचा खर्च तिने उचलला.

सोमवारी, ११ मार्चला संध्याकाळी धामणगावहून आम्ही विदर्भ एक्स्प्रेस धरली. तूर विकून झाली होती, हरभरा निघाला होता, त्यामुळे यजमानांच्या डोक्याला तेवढी निश्चिंती होती. डब्यात भाकरी, सांबारवडी आणि लसणाची चटणी होती; गाडीत बाहेरचे काही घ्यायचे नाही हे पक्के ठरले होते. मंगळवारी सकाळी दादरला उतरलो. लॉजची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी बाराला मिळते, तेव्हा आधी फोन करून सकाळी लवकर खोली मिळेल का, हे विचारून घ्यावे. आम्हाला ती सकाळी मिळाली, दिवसाचे भाडे ३,८०० रुपये. निघायची वेळ रात्रीची असल्याने दुसऱ्या दिवसाचेही पूर्ण भाडे भरले. त्या पैशांचे मला वाईट वाटले नाही, कारण बुधवारची दुपार पडून काढायला हक्काची जागा मिळाली.

आंघोळी उरकून शिवाजी पार्कजवळच्या प्रकाशमध्ये गेलो. साबुदाणा वडा आमच्याकडे उपासाला घरोघरी होतो, पण तिथला वडा मोडला की आतून वाफ येते, बाहेरचा पापुद्रा कुरकुरीत राहतो आणि बोटांना तेल लागत नाही. सोबत पियूष घेतले. श्रीखंड आणि ताक यांच्या मधले हे पेय आमच्या भागात मिळत नाही. जायफळाचा वास, केशराचा पिवळा रंग आणि इतके दाट की पेला तिरपा केला तरी ते सावकाश ओठांशी येते. यजमानांनी एक पेला संपवला आणि दुसरा मागवला. प्रवास ठरल्यापासून त्यांनी आपणहून काही मागून खाल्ल्याचे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. भीती मला होती तशी त्यांनाही होती, फक्त त्यांनी ती बोलून दाखवली नव्हती.

दुपारचे जेवण हे या मुक्कामातले मुख्य जेवण होते. काळबादेवीच्या गल्लीत श्री ठाकर भोजनालय आहे, १९४५ पासूनचे. बाहेर हातगाड्या, कापडाचे गठ्ठे आणि माणसांची रेटारेटी, आणि जिना चढून वर गेले की शांतपणे मांडलेली ताटे. गुजराती थाळीत एकामागून एक वाढपी येत राहतात. कोणी ढोकळा आणि फरसाण ठेवते, कोणी भाज्या, कोणी कढी आणि गोडसर डाळ. एक वाढपी केवळ तूप घेऊन फिरत होता. फुलका ताटात पडला की त्यावर तो चमच्याने तूप सोडे, आणि आपण हात आडवा धरेपर्यंत त्याचा हात थांबत नसे. बाजरीच्या रोटल्यावर तूप आणि शेजारी गुळाचा खडा आला तेव्हा यजमान म्हणाले, "हे तर आपलंच हाय." डाळ मात्र आम्हा वऱ्हाडी जिभेला फारच गोड लागली, तिखटाची सवय असलेल्यांनी कढी आणि भाज्या अधिक घ्याव्यात आणि शेवटी खिचडीसाठी पोटात जागा ठेवावी. दोघांचे बिल चौदाशेच्या घरात गेले. एका वेळच्या जेवणावर आम्ही एवढा खर्च याआधी कधीच केला नव्हता. पण त्या ताटासमोर मी तासभर बसले होते आणि तेवढ्या वेळात विमानाचे दार एकदाही डोळ्यांसमोर आले नाही. पुढे काय होणार याचा विचार करणारे मन, समोर वाढपी उभा असताना, आणखी एक फुलका घ्यावा की नाही याच विचारात गुंतते.

एवढे तुपाचे जेवण मंगळवारीच घेतले, यामागे कारण होते. विमानाच्या आतला हवेचा दाब जमिनीवरच्या इतका नसतो; साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर जेवढा असतो तेवढा ठेवलेला असतो. आपले चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे, म्हणजे विमानात आपण चिखलदऱ्याहून दीड-दोन पट उंचीवर बसल्यासारखे असतो. दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो. भरल्या पोटाने किंवा वातूळ पदार्थ खाऊन विमानात बसले तर पोट तडतडते, छातीवर दडपण येते आणि भित्र्या माणसाला ते भलतेच काही वाटू लागते. म्हणून जड जेवण विमानाच्या आदल्या दिवशी दुपारी, आणि विमानाच्या दिवशी वाल, हरभरा, कोबी, सोडा यांना हात लावायचा नाही, असा नियम आम्ही डॉक्टरांना विचारून केला आणि पाळला.

संध्याकाळी चर्चगेटला गेलो. तिथे के. रुस्तम म्हणून १९५३ पासूनचे आइस्क्रीमचे दुकान आहे. दोन पातळ बिस्किटांमध्ये आइस्क्रीमची जाड वडी घालून हातात देतात. ती घेऊन मरीन ड्राइव्हच्या कठड्यापर्यंत चालत गेलो. वितळण्याआधी संपवावी लागते, त्यामुळे बोलणे झालेच नाही. रात्री जेवलो नाही. साडेनऊला झोपलो आणि मला पहाटेपर्यंत जाग आली नाही.

बुधवारी सकाळी आस्वादमध्ये थालीपीठ आणि लोणी घेतले. तिथली मिसळ २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली होती, पण उसळ त्या दिवशी वर्ज्य असल्याने ती शेजारच्या टेबलावर पाहूनच समाधान मानले. दुपारी माटुंगा स्टेशनजवळ रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये गेलो. १९४२ पासून चाललेल्या या खाणावळीत केळीच्या पानावर वाढतात. आम्ही पुरीच्या वाटेला फारसे गेलो नाही. भात, रसम आणि ताक एवढेच पोटभर घेतले. रसमचा पहिला घोट घशाला चटकन लागतो आणि नाक मोकळे होते. काळबादेवीच्या ताटाचा थाट त्याला नाही, पण विमानाच्या दिवशी यापेक्षा चांगले जेवण मला सुचवता येणार नाही. सोमवारी ही खाणावळ बंद असते, हे मात्र लक्षात असू द्यावे.

दुपारी झोप काढून सामान पुन्हा एकदा तपासले. आमच्या तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा न्यायची मुभा होती. सुके खोबरे तेलकट असल्यामुळे पेट घेऊ शकते म्हणून बॅगेत चालत नाही. बाळंतिणीसाठी खोबऱ्याच्या वाट्या नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तो मोह टाळावा. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. लेकीने इंग्रजीत लिहून पाठवलेला एक कागदही मी पर्समध्ये ठेवला होता. त्यावर आमची नावे, तिचा पत्ता, फोन, औषधांची नावे आणि "आम्हाला मराठी आणि हिंदी येते" हे वाक्य होते. मी शाळेत इंग्रजी शिकवले आहे, पण कानावर पडणारे इंग्रजी आणि फळ्यावरचे इंग्रजी यांत फार अंतर आहे, आणि त्या कागदाचा उपयोग झाला. संध्याकाळी सातला खोलीवरच दहीभात खाल्ला.

रात्री नऊला टॅक्सीने निघून दहाच्या आत आम्ही छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाच्या टर्मिनल दोनवर पोहोचलो. यजमानांसाठी व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवली होती. हा निर्णय फार चांगला ठरला, कारण व्हीलचेअर घेऊन येणारा मुलगा सामान देणे, पासपोर्टवरचा शिक्का आणि सुरक्षा तपासणी या सगळ्या रांगांमधून आम्हा दोघांनाही व्यवस्थित पुढे घेऊन गेला. मराठी बोलणारा तो मुलगा मला "मावशी" म्हणत होता. सुरक्षा तपासणीपूर्वी पाण्याची बाटली रिकामी करावी आणि आत गेल्यावर पुन्हा भरून घ्यावी.

दार बंद झाले तेव्हा हात थंडगार पडले. ती वेळ सोपी होती असे मी सांगणार नाही. विमान उडताना कानात दडे बसतात, तेव्हा लवंग चघळत राहिले आणि घोट गिळत राहिले. तीनेक तासांनी विमान हादरू लागले आणि पट्टे बांधण्याची सूचना आली. आमच्या जागा पंखाजवळच्या होत्या. तिथे हादरे शेपटीकडच्या मानाने कमी जाणवतात, म्हणून लेकीने त्या आधीच निवडल्या होत्या. मी डोळे मिटून पावकी म्हटली, मग निमकी, मग दीडकी. लहानपणी तोंडपाठ केलेले पाढे अडखळत का होईना आठवत गेले, आणि दीडकीच्या अर्ध्यात हादरे थांबले. पोट हलके होते आणि आदली रात्र शांत झोपेत गेली होती, म्हणून घाबरूनही मळमळले नाही की श्वास कोंडला नाही. आमच्यापुढच्या रांगेतल्या एक बाई गाडीतून उतरून थेट विमानतळावर आल्या होत्या आणि तिथेच छोले-भटुरे खाऊन बसल्या होत्या. त्यांचे हाल पाहवत नव्हते; मी त्यांना ओवा दिला.

विमानात शाकाहारी जेवण आधी नोंदवले तर नावानिशी आणून देतात आणि इतरांच्या आधी मिळते. विमानातली हवा फार कोरडी असते, त्यामुळे दर तासाला थोडे पाणी प्यावे. पाण्याने उठावे लागेल म्हणून पिणे टाळू नये, कारण उठून चालणेही गरजेचेच असते. फार वेळ पाय लोंबकळत राहिले तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. आम्ही कडेच्या जागा घेतल्या होत्या, त्यामुळे कोणाला उठवावे लागले नाही.

गुरुवारी, १४ मार्चला, तिथल्या घड्याळाप्रमाणे सकाळी आठच्या सुमारास उतरलो. तिकडची वेळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे होती, त्यामुळे सोळा तास उडूनही तारीख तीच राहिली. अधिकाऱ्यांनी कशासाठी आलात, किती दिवस राहणार आणि परतीचे तिकीट आहे का, हे विचारले आणि बोटांचे ठसे घेतले. सामानात खाण्याचे काय आहे, या प्रश्नाला मेथीचे लाडू, पापड, मसाला आणि लिंबाचे लोणचे, असे सगळे सांगून टाकले. सांगितलेल्या वस्तूंपैकी एखादी फार तर ठेवून घेतात, पण लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो. आमचे सगळे सामान आमच्याकडेच राहिले.

मुंबईच्या मुक्कामाचा खर्च खोली, खाणे आणि टॅक्सी धरून तेरा हजारांच्या आसपास गेला. ज्यांना एवढे शक्य नसेल त्यांनी स्वस्त खोली घ्यावी, थाळीऐवजी वडा आणि पियूष घ्यावे, पण मधली एक रात्र आणि एक निवांत जेवण सोडू नये.

अजून एक गोष्ट, जी आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका वेळी किती दिवस राहता येईल हे विमानतळावरचे अधिकारी ठरवतात, आणि ती तारीख आय-९४ या ऑनलाइन नोंदीत दिसते. लेकीने घरी पोहोचल्यावर ती नोंद उघडून आम्हाला दाखवली. त्यात सप्टेंबरपर्यंतची मुदत होती. आमचे परतीचे तिकीट १ जूनचे होते, आणि येतानाही मुंबईहून संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस धरायची असल्याने, दादरची तीच खोली मुंबईत उतरण्याच्या दिवसासाठी सांगून ठेवली.